पूरक आहार : नाही

मी घर सोडलं त्या दिवशी आमचं घर फलटणच्या पश्चिमेला, तोडणी झालेल्या उसाच्या एका रानात होतं. खतासाठी मेंढरं बसवायला शेतकऱ्यानं तीन रात्रींची बोली केली होती. त्यातल्या दोन संपल्या होत्या. जानेवारी महिना, गुरुवार, साताऱ्याची एसटी सकाळी सातला. नव्वदचं दशक मध्यावर आलं होतं.

तळावर आप्पा, आई, थोरला भाऊ सोपान, वहिनी आणि त्यांची सुंदा. सुंदा त्या वेळी अडीच वर्षांची होती. शिवाय दोन घोडी आणि तीन कुत्री. मेंढरं किती, असं कुणी विचारलं की आप्पा तळहात उताणा करत आणि म्हणत, "हायती देवाच्या दयेनं." आकडा सांगत नसत. मी पैदासशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण पुरं केलं तरी मला त्यांच्या तोंडून आकडा ऐकायला मिळाला नाही. मोजला तो मीच.

सोपान माझी बॅग घोडीवर घालायला निघाला. रस्ता चारशे पावलांवर होता. मी नको म्हणालो.

"इमानात खिडकी उघडत न्हाई म्हणं," तो म्हणाला. "मंग तंबाकू कुटं थुकायची?"

"मी खात नाही."

"म्हणून तर तुला धाडत्यात. मला कोण धाडतंय."

आप्पा वाघर गुंडाळत होते, म्हणजे मेंढरांभोवती रात्री उभी करतात ती जाळी. त्यांनी काम थांबवलं नाही. "थंडीचं कानाला बांदत जा," एवढं म्हणाले आणि पुढचा खुंट उपटला.

रस्त्यापर्यंत आई आली. भाकरी आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून तिनं माझ्या हातात दिली. एसटीचा आवाज आला तेव्हा, आठवलं म्हणून सांगावं तसं, ती म्हणाली, "मामाला येक चिठ्ठी धाड. म्हणावं, दोन शेळ्या बाळग. न्हाईतर ती थोराड कोकरं त्याच्याकडं टिकायची न्हाईत."

"शेळ्या कशाला?"

"कशाला म्हंजी? पाजायला. गेल्या हिवाळ्यात तीन म्हयनं मी काय केलं मंग?"

एसटी थांबली. मी चढलो. आईनं पत्र्यावर दोनदा थाप मारली, तळ हलवताना घोडीच्या पुठ्ठ्यावर मारते तशी.

तिचं वाक्य समजायला मला फार वेळ लागला नाही. पहिला थांबा यायच्या आत समजलं. ते मी सोपानसाठी लिहितो आहे, सुंदासाठी लिहितो आहे, आणि आमच्या माणदेशातून, खटाव-आटपाडीकडून शिकून बाहेर पडलेल्या माझ्यासारख्यांसाठीही. आपण निघालो तेव्हा कुणीतरी शेवटच्या क्षणी काहीतरी सांगितलं होतं. ते बहुतेकांच्या लक्षात असतं. त्याचं आपण काय केलं, ते सहसा लिहिलं जात नाही.

माझा प्रबंध मेंढ्यांच्या पैदाशीवर होता. आमच्याकडची मेंढी लहान, काटक, दिवसभर चालणारी. जतच्या बाजूची उंच, लांब कानांची, मोठ्या हाडाची. जतकडचा मेंढा आमच्या मेंढ्यांना दिला तर कोकरं कितपत वाढतात, आणि आमची लहान मेंढी ती थोराड कोकरं नुसत्या स्वतःच्या दुधावर वाढवू शकते का, एवढाच प्रश्न होता. उत्तर होकारार्थी आलं तर कोरडवाहू भागातल्या मेंढपाळाला चारा न वाढवता मोठं जनावर मिळणार होतं. कमी पावसाच्या मुलखात माणसाच्या ताटात काय येतं याच्याशी त्याचा सरळ संबंध होता. त्या वेळी अन्नसुरक्षा हा शब्द आमच्या कॉलेजात नुकताच आला होता. मी तो प्रस्तावनेत तीनदा वापरला.

प्रयोगासाठी कळप हवा होता. मी घरचाच घेतला. आषाढात मेंढा दिला, कार्तिकात कोकरं झाली. तळ तेव्हा फलटणच्या पाटाच्या पट्ट्यात उतरला होता. मी गावात खोली घेतली आणि दर गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास सायकलवर काटा बांधून तळावर जाऊ लागलो. छापील तक्त्यात रकाने होते: आईचा क्रमांक, कोकराचा क्रमांक, वय, वजन, आजार. शेवटचा रकाना, पूरक आहार.

पहिल्या गुरुवारी मी आप्पांना विचारलं होतं, पेंड, भरडा, मका, वरून काही घालता का.

"मेंढराला कोण पेंड घालतंय?" ते म्हणाले. "माजं दात पडल्यात. त्यांचं न्हाईत पडलं अजून."

मी लिहिलं: नाही. दुसऱ्या आठवड्यात न विचारता लिहिलं. पुढं तर रकान्याच्या वरच्या खान्यात एकदा "नाही" लिहून खालपर्यंत 'वरीलप्रमाणे'च्या खुणा करत गेलो.

आमच्या कळपात चार शेळ्या होत्या. प्रत्येक धनगराच्या कळपात असतात. मेंढरं पुरुषांची आणि शेळ्या बायकांच्या, असा आमच्याकडचा रिवाज आहे. कळप मोजताना शेळ्या धरत नाहीत. त्यांचं दूध चहाला, लेकरांना, आणि ज्या कोकराला आईचं पुरत नाही त्याला. कोकरू शेळीला लावायचं काम पहाटे आणि दिवेलागणीला होतं. बायका ते करतात आणि त्याला कुणी खाऊ घालणं म्हणत नाही. झाडलोट केली असं जसं कुणी वेगळं सांगत नाही, तसंच ते. लहानपणी मी स्वतः शेळीचे मागचे पाय धरून बसलेलो आहे. शेळी लाथ झाडते, कोकरू ढुशी मारतं, हाताला ओल लागते. हे सगळं मला ठाऊक होतं.

मग तक्त्यापुढे बसल्यावर मला शेळ्या का आठवल्या नाहीत? की आठवल्या होत्या? याचं नेमकं उत्तर मी देऊ शकत नाही. देता आलं असतं तर हे लिहिण्याची गरज पडली नसती.

एक गोष्ट मात्र नक्की सांगता येते. त्या हिवाळ्यात मी गेलो की आई कोरा चहा द्यायची, गुळाचा, काळाभोर. सुंदा माझ्या शेजारी बसून त्याच चहात भाकरी बुडवून खायची. आदल्या वर्षीपर्यंत तळावरचा चहा दुधाचा असे. चार दुभत्या शेळ्या समोर बांधलेल्या असताना चहा कोरा का, हे मी विचारलं नाही. मी कोकरांची वजनं पन्नास ग्रॅमपर्यंत टिपत होतो.

शिकत असताना मी साताऱ्याच्या एका दैनिकाला आठवडी बाजाराच्या बातम्या पाठवत असे. तिथल्या वृत्तसंपादकांनी माझी एक बातमी परत केली होती. मी लिहिलं होतं, बाजारात गोंधळ झाला नाही. "तू किती वाजता गेलास, किती वाजता निघालास?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "मग एवढंच लिही, की तू होतास तोवर झाला नाही." मी ते वाक्य खोडलं आणि नवीन लिहिलं. तळावर मी नऊला जात होतो आणि बाराला निघत होतो.

कोकरं वाढली. दिसायलाही ती वेगळी होती, माकडहाडाशी रुंद, पायांत उंच. फाल्गुनात मामा आला. आईचा पाठचा भाऊ, आटपाडी तालुक्यातला. त्याचा स्वतःचा कळप होता. मामी दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि तळावर तो आणि त्याचा एक पुतण्या, असे दोघेच. मामी गेल्यावर त्यानं शेळ्या विकल्या होत्या. धार काढणारं कुणी नव्हतं.

मामानं एक कोकरू उचललं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं.

"ह्ये काय कोकरू न्हाई. वासरू हाय ह्ये. काय घालतुयास, डाक्टर?"

"काही नाही. आईच्या दुधावर आहे."

"खरं का आप्पा?"

"त्यो लिवतोय नव्हं," आप्पा म्हणाले.

आई चुलीपाशी होती. ती भाकरी थापत राहिली. मी काय लिहितो, ते तिला माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की पोराची परीक्षा कोकरांच्या वजनावर आहे.

आषाढ सरताना मामाच्या कळपात जतकडचे दोन मेंढे गेले. मी स्वतः टेम्पोतून नेऊन दिले. प्रबंध तोवर बांधून झाला होता. निष्कर्षाच्या प्रकरणात एक वाक्य होतं: कोणताही पूरक आहार न देता ही कोकरं समाधानकारक वाढली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच वाक्याखाली रेघ मारली आणि कौतुक केलं. त्याच वाक्यावर स्कॉटलंडमधल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली.

म्हणजे मी निघालो त्या गुरुवारी मामाची कोकरं साधारण महिन्याची होती. भूक वाढते आणि आईचं दूध कमी पडू लागतं, ते हेच वय.

सातारा स्टँडवर एसटी साडेनवाच्या सुमारास लागली. माझी पुढची गाडी अकराला होती. शेजारच्याच फलाटावर औंधची एसटी उभी होती. मामाचा तळ त्या आठवड्यात औंधला, यमाईच्या डोंगराच्या खालच्या अंगाला होता. हे आईनंच आदल्या दिवशी सांगितलं होतं. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. गेलो असतो तर दुपारपर्यंत तळावर पोचलो असतो. त्या दिवशीची पुढची गाडी चुकली असती, विमान बहुधा चुकलं असतं, आणि मामानं विचारलं असतं, "मंग तू लिवलंस ते काय?"

मी स्टँडजवळच्या पोस्टात गेलो आणि एक आंतरदेशीय पत्र घेतलं. निळं. पत्त्याच्या जागी मामाचं नाव आणि गाव लिहिलं. लिहिताना माहीत होतं की मामा ज्येष्ठ महिन्यापर्यंत गावी जाणार नाही आणि तोवर हे पत्र दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी पडून राहील. तरी लिहिलं. आतल्या कोऱ्या बाजूवर "ती. मामास सा. न." एवढं झालं आणि पेन थांबलं. दोन शेळ्या बाळग, हे तीन शब्दांचं काम होतं. पण ते तीन शब्द माझ्या अक्षरात, माझ्या सहीनं कागदावर आले असते, आणि प्रबंधातल्या त्या वाक्याच्या समोर उभे राहिले असते.

औंधची एसटी सुटली. तिचा पाठीमागचा फलक दिसेनासा होईपर्यंत मी पाहत राहिलो. मग पत्र प्रबंधाच्या प्रतीत ठेवलं.

आंतरदेशीय पत्र परदेशातून टाकता येत नाही. हे मला विद्यापीठाच्या गावात पोचल्यावर चौथ्या दिवशी बॅग उघडताना लक्षात आलं.

ते गाव लहान, दगडी, थंड. दुपारी चारला दिवे लागत. मी आप्पांच्या सांगण्याप्रमाणे कानाला बांधत असे. प्रयोगशाळा, वसतिगृह, सुपरमार्केट, कपडे धुण्याचं मशिन, सगळं तीनशे मीटरच्या आत. माणसं सौजन्यानं वागत. माझं नाव दोन अक्षरांत आटोपत. पहिल्या तीन महिन्यांत अडचण अशी काहीच नव्हती. एकच होतं, सकाळी सहाच्या सुमारास जाग यायची आणि कोकरू ओरडल्यासारखं वाटायचं. आसपास शेत नव्हतं. खोली दुसऱ्या मजल्यावर होती.

मार्चच्या शेवटी आम्हाला विण्याच्या हंगामात एका शेतावर पाठवलं. शेतकऱ्याची बायको, साठीची, जाड स्वेटर घातलेली. स्वयंपाकघरात शेगडीशेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच कोकरं होती. ती बाटलीनं त्यांना पाजत होती. भिंतीवर एक फळा होता. त्यावर खडूनं रकाने आखले होते आणि एका रकान्यात त्या पाचांचे क्रमांक होते. मी विचारलं, हे काय. बाटलीवरची कोकरं, ती म्हणाली. ही वेगळी लिहावी लागतात. नाहीतर मेंढीनंच वाढवली असं समजून आपण चुकीची मेंढी ठेवतो.

तिनं ते फार साधेपणानं सांगितलं. नवख्या विद्यार्थ्याला सांगतात तसं. मग बाटली माझ्या हातात दिली आणि दुसरी आणायला गेली. कोकरानं ढुशी मारली. हाताला ओल लागली.

त्या संध्याकाळी मी माझ्या मार्गदर्शकांना भारतात पत्र लिहायला बसलो. तीन मसुदे केले. तिन्ही ठेवून दिले.

सोपान महिन्यातून एकदा फलटणच्या एसटीडी बूथवरून फोन करी. बोलणं घाईचं. वैशाखात त्यानं सांगितलं, "मामानं मेंढरं इकली."

"सगळी?"

"सगळी. मेंढरांचा वाडाच मोडला. चालणं व्हईना म्हणतोय."

"कोकरं?"

फोनवर खरखर होती. "काय म्हणलास?"

"काही नाही," मी म्हणालो.

पुढं माझं काम बदलत गेलं. पैदाशीकडून मी घरातल्या दुधाकडे वळलो. एका कुटुंबात जनावराचं दूध निघतं, ते कुणाच्या पोटात जातं, वासराच्या, कोकराच्या, लेकराच्या, की बाजारात, आणि त्याची वाटणी कोण करतं. सहकाऱ्यांना हा विषय नवा आणि हुशारीचा वाटला. मुलाखतींच्या तक्त्यात मी एक प्रश्न घातला: पहाटे सर्वांत आधी कोण उठतं आणि काय करतं? तो प्रश्न पुढं इतरांनीही उचलला. कुठून सुचला, असं एका परिषदेत विचारलं गेलं. मी काहीतरी उत्तर दिलं.

त्यानंतरच्या चैत्रात आई गेली. तीन दिवस ताप होता. सोपानचा फोन आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. परीक्षेमुळं, व्हिसामुळं, मी वर्षश्राद्धालाच जाऊ शकलो. आप्पांनी मला पाहिलं, कानाला हात लावला आणि म्हणाले, "बांदतोस नव्हं?" एवढंच. सुंदा आता बडबडी झाली होती. ती मला "इमानातलं काका" म्हणत होती. वहिनीनं चहा दिला. दुधाचा होता. मी कप हातात घेऊन बसलो तेव्हा ती म्हणाली, "त्या हिवाळ्यात सुंदीला बी न्हाई दिलं सासूबाईनी दूध. कोकरांस्नीच. मी लय भांडले हुते. तुमाला म्हाईत न्हाई?"

मला माहीत नव्हतं. नऊ ते बाराच्या दरम्यान कुणी भांडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी मामाकडं गेलो. मामा आता सांगली जिल्ह्यातच, तासगावच्या बाजूला, द्राक्षं वाळवण्याच्या एका शेडवर राखणीला होता. हंगाम चालू होता. हिरव्या जाळीखाली तारांच्या थरांवर द्राक्षं पसरलेली, त्यांचा आंबूस वास. मामा पोत्यावर बसून तयार बेदाण्यातल्या काड्या निवडत होता. केस पांढरे झाले होते.

"ये डाक्टर. बूट भाईर काड. हितं खायाचं वाळतंय."

मी बूट काढले. त्याच्यासमोर बसलो. वाटेत काय बोलायचं ते तीनदा ठरवलं होतं.

"मामा, त्या कोकरांचं सांगायला आलोय."

"कंच्या?"

"जतच्या मेंढ्यांच्या."

त्याचे हात थांबले नाहीत. मी सांगितलं. शेळ्यांचं, रकान्याचं, आईनं निघताना काय सांगितलं ते. सातारा स्टँडवर औंधची एसटी समोर उभी होती, हेही सांगितलं. किती मिनिटं होती तेही.

"ठावं हाय," मामा म्हणाला.

"काय ठाऊक आहे?"

"आक्का आलती. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिशी. दोन शेळ्या हाकत, चालत, फलटणपासनं औंधपातूर. पायाला ह्ये फोड. पाणी बी न्हाई पिली. म्हणली, पोराची चिठ्ठी आली का? म्हणलं, न्हाई बा. म्हणली, गडबडीत ऱ्हायलं आसंल त्याचं." मामानं एक काडी बाजूला टाकली. "मंग कोकरं बघितली आन् खालीच बसली. निम्मी ऱ्हायली न्हवती. उरल्याली तिनं पाजली. चार दीस हुती. पर कोकरं आधीच खंगल्याली. तळ हलला की मागं पडायची. पायात बसायची आन् उठायची न्हाईत."

शेडमध्ये कुठंतरी जाळी फडफडत होती.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? तुजं कागद आडकलं आसतं. आक्का म्हणली, त्याचं हुं द्या. मी म्हणलं, हुं द्या."

"तू मेंढरं विकलीस."

"इकली की. जीव उडाला." ते त्यानं बेदाणा निवडतानाच सांगितलं. मग पहिल्यांदा हात थांबवून माझ्याकडं पाहिलं. "तुज्या त्या बुकात काय लिवलंस? तुज्या आयची किती जगली?"

"सगळी."

"आन् माजी?"

"तुझी त्यात नाहीत, मामा. तुझी नंतरची."

"मंग माजी बी लिव्ह."

मी विचारलं, किती होती.

"मेल्याली मोजत न्हाईत," तो म्हणाला. "तुला सवय, मोजायची. कुणाची कुणाची हुती ते सांगतो. घे."

प्रबंधाची प्रत पिशवीत होती. ती मी त्याला दाखवायला आणली होती, का ते सांगता येणार नाही. तिच्यात ते निळं पत्र तसंच होतं, त्याच पानात. दुसरा कागद नव्हता असं नाही. मी तेच उघडलं. "ती. मामास सा. न." याच्या खाली लिहायला लागलो.

मामा डोळे मिटून एकेका मेंढीचं नाव घेऊन तिचं कोकरू सांगत होता. बांडीचं. लांड्या शेपटीचीचं. कानडीचं, ती त्यानं जतच्या बाजारातून आणली होती. डावा कान तुटलेलीचं. बिरोबाला सोडलेलीचं. कुंपणात अडकली होती तिचं. मामीनं वाढवलेलीचं. प्रत्येक नावानंतर तो थांबत होता, मी लिहून होईपर्यंत. एक दोनदा त्यानं मागं जाऊन दुरुस्त केलं. "न्हाई, तिचं जगलं. खोड ते." मी खोडलं. नावं एकोणीस झाली. कोणतं कुठं पडलं हेही त्याला आठवत होतं. औंधच्या ओढ्यात, पुसेसावळीच्या वाटेला, एका शाळेच्या मागं. तेही लिहिलं. पत्राची आतली बाजू भरली आणि दुमडीवरही मजकूर गेला.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तो मान हलवत होता. संपल्यावर बेदाण्याची एक मूठ माझ्या रुमालात ओतली आणि पुन्हा काड्या निवडू लागला. निघताना म्हणाला, "सांच्याची गाडी साडेपाचला हाय. चुकवू नगंस."

मी मार्गदर्शकांना आणि कॉलेजला लिहिलं. या वेळी एकच मसुदा केला. मजकुरात शेळ्या, वेळा, कोण पाजत होतं त्याचं नाव, आणि दुसऱ्या कळपातल्या एकोणीस कोकरांची नोंद. उत्तर सौजन्याचं आलं. पदवीला बाधा येत नाही, आपली टिपणी ग्रंथालयातल्या प्रतीला जोडली आहे. पुढच्या खेपेला जाऊन पाहिलं. जोडली होती. त्या पानापर्यंत कुणी आल्याची खूण नव्हती, पण ती तिथं आहे.

आता मी जिथं राहतो तिथं दाराला क्रमांक आहे, पेटीवर नाव आहे, पोस्टमन ओळखतो. तिथले लोक विचारतात, तुमचं घर कुठं. मी साताऱ्याचं नाव सांगतो, मग मोठ्या शहराचं, मग देशाचं. तोवर त्यांना पुरेसं झालेलं असतं. खरं उत्तर असं आहे, की एका रानात तीन रात्री उतरलेला तळ, काळा चहा, आणि मी यायच्या आधी उठलेली एक बाई. मी तिथं तीन महिने दर गुरुवारी गेलो आणि ते घर मला दिसलं नाही. सकाळी सहाला अजून जाग येते. आता मी उठून बसतो. ओरडणं थांबेपर्यंत बसतो.

पत्र माझ्याकडंच आहे. ते टाकायचं नव्हतं. मामाला वाचून दाखवलं, त्याचं काम झालं. त्याच्या पाठीवर, दुमडीच्या पट्टीखाली, पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता यासाठी तीन छापील रेघा असतात. सातारा स्टँडवर मी त्या कोऱ्या सोडल्या होत्या, कारण सकाळचा तळ दुसऱ्या दिवशी हलणार होता आणि पुढचा पत्ता अजून झाला नव्हता. तासगावहून परतताना एसटीत मी त्या भरायला घेतल्या. माझं नाव लिहिणं बरोबर नव्हतं. निरोप मी पाठवला नव्हता. तो दोन शेळ्यांसह, चालत, औंधपर्यंत दुसऱ्या कुणी पोचवला होता.

पहिल्या रेघेवर आईचं नाव लिहिलं. खालच्या दोन रेघा अजून रिकाम्या आहेत.